घरच्या वायफायचे कुलूप बदलले का?

माझ्यासारखा कृषी विस्तार अधिकारी लिहायला बसला म्हणजे खत, बियाणे नाहीतर फवारणीचा विषय निघणार, असे तुम्हाला वाटेल. आजचा विषय वेगळा आहे. गोठ्याला कडी, मोटारीच्या पेटीला कुलूप आणि धान्याच्या कोठीला झाकण असते. मात्र ज्या कॉम्प्युटरवर सातबारा, पीकविम्याचे अर्ज आणि बँकेची कागदपत्रे ठेवलेली असतात, त्याच्याकडे जाणारी वाट अनेक घरांत उघडी असते. ही वाट म्हणजे वायफाय. तिला कुलूप आहे असे आपण धरून चालतो. ते कुलूप कोणत्या सालचे आहे आणि अजून लागते का, हे मात्र कोणी पाहत नाही.

मीही पाहिले नव्हते. म्हणून आधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

शुक्रवार पेठेतले घर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझी थोरली बहीण राहते. जुनी पेठ, अरुंद बोळ आणि भिंतीला भिंत लागून घरे. एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका लागतो. दाजी गेल्यापासून मोहोळ तालुक्यातल्या शेतीचे कागदपत्र आक्काच्या घरीच असतात. वारसनोंदीचे कागद, सातबारा, आठ-अ, पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो आणि सगळ्यांची आधार कार्डे भाच्याने स्कॅन करून घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली होती.

दिवाळीला मी गेलो, तेव्हा भाच्याने नवा लॅपटॉप आणला होता. तो घरच्या वायफायला जोडताच पडद्यावर सूचना आली, की हे नेटवर्क सुरक्षित नाही, त्यात जुनी पद्धत वापरली जात आहे.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, पासवर्ड तर आहे की आपल्याला. मग हे असं का म्हणतंय?’’

पासवर्ड होता खरा, पण तो मीच २०१० साली घातलेला होता. थोरल्या भाचीच्या शिक्षणासाठी तेव्हा मी एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्याचे वायफायचे कार्ड जुने होते आणि नव्या पद्धतीच्या सुरक्षेला जोडले जात नव्हते. मी राउटरमध्ये जाऊन सर्वांत जुनी पद्धत निवडली. कॉम्प्युटर लगेच जोडला गेला आणि मला धन्य वाटले. त्या पद्धतीला दहा आकडी किल्ली चालते आणि आपला मोबाईल नंबरही दहा आकडीच असतो. मी आक्काचा नंबर घालून मोकळा झालो.

पुढे पेठेत फायबरची तार आली. जोडणी करायला आलेल्या मुलाने नवा डबा बसवला. पण घरातले सगळे फोन पुन्हा जोडायचा त्रास नको म्हणून जुना राउटर तसाच नव्या डब्याला लावून दिला. वेग वाढला, नाव तेच राहिले आणि पासवर्डही तोच राहिला. सगळे खूश झाले. पंधरा वर्षांपूर्वीचे कुलूप नव्या दाराला लागले आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

कुलूप कसे निकामी झाले?

आता तुम्ही विचाराल, की पासवर्ड असताना वायफाय असुरक्षित कसे? यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वायफाय म्हणजे बिनतारी संदेश. राउटर आणि कॉम्प्युटर एकमेकांशी रेडिओसारख्या लहरींनी बोलतात. तारेतून जाणारे बोलणे ऐकायचे तर तारेपर्यंत यावे लागते. लहरींना भिंतीचे तेवढे वावडे नसते. त्या शेजारच्या घरात, गच्चीवर आणि रस्त्यावरही पोचतात. म्हणून हे बोलणे सांकेतिक भाषेत केले जाते. ही भाषा तयार करण्याची रीत म्हणजेच वायफायची सुरक्षा होय.

पहिली रीत १९९७ साली वायफायच्या पहिल्या मानकाबरोबर आली. तिचे नाव डब्ल्यूईपी. प्रत्येक संदेशासाठी संकेत बदलावा म्हणून तिच्यात घरच्या किल्लीला दर वेळी एक छोटा आकडा जोडला जाई. असे वेगवेगळे आकडे होते सुमारे १ कोटी ६७ लाख. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो. पण वर्दळीच्या नेटवर्कवर संदेशांचे तुकडे इतक्या वेगाने धावतात, की काही तासांतच आकडे संपतात आणि तेच पुन्हा येऊ लागतात. हे आकडे उघडपणे पाठवले जात. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी दाखवून दिले, की पुरेसे संदेश गोळा केले तर त्यांतून मूळ किल्लीच काढता येते. २००७ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी हे काम एका मिनिटाच्या आत होऊ शकते असे दाखवले. पासवर्ड किती अवघड आहे याचा येथे प्रश्नच उरत नाही. दोष कुलपाच्या घडणीतच आहे.

ही गोष्ट शेतकऱ्याला समजायला कठीण नाही. बीटी कापूस आपल्या देशात २००२ साली आला. बोंडअळी आटोक्यात राहिली आणि लोकांनी निर्धास्तपणे पेरले. मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. २०१० साली गुजरातमध्ये पहिल्या पिढीच्या बीटी वाणांवर ती टिकून राहत असल्याचे जाहीर झाले आणि २०१७ साली आपल्या विदर्भ-मराठवाड्यात दुसऱ्या पिढीच्या वाणांवरही तिने हाहाकार केला. पाकिटावरचे नाव तेच होते, पण आतले संरक्षण संपले होते. वायफायचेही तसेच आहे. पासवर्ड विचारला जातो म्हणजे संरक्षण आहे, असे समजू नये.

डब्ल्यूईपी मोडल्यावर २००३ साली डब्ल्यूपीए ही तात्पुरती दुरुस्ती आली आणि २००४ साली डब्ल्यूपीए-२ ही भक्कम रीत आली. २००६ पासून वायफायचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या नव्या उपकरणांना ती सक्तीची झाली. २०१७ साली बेल्जियममधील संशोधक माथी वानहूफ यांनी तिच्यातही एक फट दाखवली. ती उपकरणांच्या अपडेटने बुजवता आली. २०१८ साली डब्ल्यूपीए-३ आली. म्हणजे आमच्या घरात जे कुलूप होते, ते मी बसवले तेव्हाही नऊ वर्षांपूर्वीच मोडलेले होते.

नवी मुंबईतला तो ईमेल

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ असे अनेकजण म्हणतात. पण चोर नेहमी तुमची वस्तू नेण्यासाठीच येत नाही. कधी त्याला तुमचे नाव हवे असते.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. तो कोठून निघाला याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाडा येथील एका सदनिकेत पोचले. तेथे नोकरीनिमित्त आलेले एक अमेरिकी गृहस्थ कुटुंबासह राहत होते. त्यांचे कॉम्प्युटर तपासासाठी नेण्यात आले, त्यांची चौकशी झाली आणि त्यांचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. त्यांच्या घरचे वायफाय दुसऱ्यांनीच वापरले होते, हे नंतर पुढे आले. त्याच वर्षी २३ ऑगस्टला मुंबईत माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि १३ सप्टेंबरला दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका खासगी कंपनीचे वायफाय असेच वापरले गेले.

त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय जोडणी कोठे कोठे आहे, हे शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि २००९ साली दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांना ग्राहकांचे वायफाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या.

बंधूंनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. इंटरनेटवर तुमच्या घरातून जे काही जाते, त्यावर तुमच्या जोडणीचा शिक्का असतो. घरात पाच माणसे असोत की बाहेरची पंधरा, शिक्का एकच. गुन्हा कोणी केला हे पुढे उघड होईलही, पण तपास प्रथम तुमच्या उंबऱ्यावर येतो. सानपाड्याच्या त्या गृहस्थांना आपण काय केले नाही हे पटवून द्यावे लागले. खेड्यात तर पोलिसांची गाडी दारात उभी राहिली, एवढ्यानेच बोभाटा होतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे. टीजेएक्स नावाच्या मोठ्या दुकानदार कंपनीच्या नेटवर्कमध्ये २००५ साली चोर शिरले. २००७ साली ही गोष्ट जाहीर झाली, तेव्हा किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक गेल्याचे सांगण्यात आले. दुकानाच्या वायफायला तेव्हा डब्ल्यूईपीच होते. कंपनी नव्या पद्धतीकडे वळत होती, पण सावकाश. त्या सावकाशपणाची किंमत तिला फार मोठी पडली. ‘पुढच्या महिन्यात बदलू’ म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

घरातली पाच, यादीत अकरा

पुन्हा शुक्रवार पेठेत येऊ. सूचना दिसल्यावर मी आणि भाच्याने राउटरचे पान उघडले. कोणती उपकरणे जोडलेली आहेत याची यादी त्यात मिळते. घरातली उपकरणे आम्ही बोटांवर मोजली: दोन फोन, जुना कॉम्प्युटर, नवा लॅपटॉप आणि टीव्ही, म्हणजे पाच. यादीत होती अकरा.

आक्काला विचारले. ती म्हणाली, ‘‘अरे, समोरच्या सुनेला दिलाय नंबर, तिच्या पोराचा अभ्यास असतो. वरच्या खोलीत भाडेकरू पोरं आहेत, त्यांनाही दिलाय. पाणी मागितलं तर नाही म्हणतं का कुणी?’’

समोरचा एक फोन आणि भाडेकरूंचे तीन, असे चार झाले. तरी दोन उरले. ते कोणाचे हे कोणालाच सांगता आले नाही. आजपर्यंत कळलेले नाही.

मग माझ्या मनात पाल चुकचुकली. मी भाच्याला म्हटले, ‘‘शेतीचे कागद कुठे ठेवलेत ते दाखव.’’ छपाईला सोपे जावे म्हणून ते एका सामाईक फोल्डरमध्ये होते आणि त्या फोल्डरला पासवर्ड नव्हता. मी माझा फोन त्याच वायफायला जोडला आणि भाच्यासमोर दाजींच्या वारसनोंदीचा कागद उघडून दाखवला. मला जे दिसले, ते त्या अनोळखी दोघांनाही दिसू शकत होते. पाहिले की नाही, देव जाणे. भाच्याचा चेहरा उतरला. आक्का काही बोलली नाही. तिने देवळीत ठेवलेला कागदांचा मूळ जुडगा काढून पुन्हा एकदा मोजून ठेवला.

येथे नीट समजून घ्या. बँकेची संकेतस्थळे स्वतःचे बोलणे वेगळ्या कुलपात बंद करून पाठवतात. त्यामुळे कोणी तुमच्या वायफायमध्ये शिरला की लगेच खात्यातले पैसे गेले, असे होत नाही. पण तो एकदा कुंपणाच्या आत आला, की उघडे फोल्डर पाहू शकतो. राउटरचा पासवर्ड सोपा असेल तर राउटरच्या आत जाऊन तुम्हाला खोट्या पानाकडे वळवू शकतो आणि तुमच्या नावावर बाहेर काहीही करू शकतो. एवढे नुकसान पुरेसे नाही काय?

बदल कसा करावा?

आता कामाचे बोलू. हे काम तासाभराचे आहे. पेरणीला जसा क्रम असतो, तसा याला क्रम आहे. क्रम चुकला तर वायफाय सुरक्षित होते, पण घरचा कॉम्प्युटर बाहेर राहतो. मग वैतागून माणूस पुन्हा जुन्या पद्धतीवर जातो. मी २०१० साली केले ते हेच.

पहिली पायरी, कॉम्प्युटर तपासा. नवे कुलूप कॉम्प्युटरला उघडता आले पाहिजे. विंडोज एक्सपीला डब्ल्यूपीए-२ पूर्णपणे मिळाले ते २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधून. विंडोज सात आणि त्यापुढच्यांना ते मुळातच आहे. डब्ल्यूपीए-३ हवे असेल तर विंडोज दहाची २०१९ नंतरची आवृत्ती किंवा विंडोज अकरा लागते आणि वायफायचे कार्डही त्या ताकदीचे लागते. कार्ड चालवणारा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. पुष्कळदा कार्ड चांगले असते, ड्रायव्हरच जुना असतो.

कार्डच जुने निघाले तर घाबरू नका. यूएसबीला लावायचे छोटे वायफाय मिळते, ते लावता येते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सरळ तार. आमच्याकडे तेच केले. राउटर आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत, मध्ये चार हातांचे अंतर! एका तारेचा खर्च वाचावा म्हणून पंधरा वर्षे सगळे घर मोडक्या कुलपावर ठेवले होते.

दुसरी पायरी, राउटरचे पान उघडा. राउटरच्या मागे चिठ्ठी असते. तिच्यावर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हे आकडे इंग्रजीत टाइप करावेत. मग राउटरचे नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. अनेक घरांत तो कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो. तो प्रथम बदला. हा मोटारीच्या पेटीचा पासवर्ड समजा. तो हाती आला की बाकी सगळे त्याच्या हाती.

तिसरी पायरी, राउटरचे अपडेट. त्याच पानात फर्मवेअर या नावाखाली नवी आवृत्ती आहे का ते पाहा आणि असल्यास ती चढवा. हे चालू असताना वीज जाऊ देऊ नका. लोडशेडिंगची वेळ टाळूनच हे काम करा. पुरवठादाराचा डबा असेल तर त्याच्या माणसाकडून करून घ्या आणि विचारूनच घ्या. आपण विचारले नाही तर तो सांगत नाही. राउटर फार जुना असून त्यात डब्ल्यूपीए-२ नसेल, तर त्याची डागडुजी करू नका, तो बदला.

चौथी पायरी, कुलूप निवडा. वायरलेस सुरक्षेच्या रकान्यात यादी दिसेल. सर्व उपकरणे नवी असतील तर डब्ल्यूपीए-३ निवडा. नवी-जुनी मिसळ असेल तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र असा पर्याय असतो, तो घ्या. तोही नसेल तर डब्ल्यूपीए-२ आणि त्याबरोबर एईएस निवडा. टीकेआयपी लिहिलेले असेल ते घेऊ नका. ती जुन्या दुरुस्तीच्या काळातली रीत आहे. डब्ल्यूईपी आणि नुसते डब्ल्यूपीए यांना हात लावू नका. ‘ओपन’ म्हणजे तर दारच नाही.

पाचवी पायरी, पासवर्ड. डब्ल्यूपीए-२ मध्ये किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरांचा पासवर्ड चालतो. येथे कुलूप भक्कम असल्याने चोर पासवर्डचा अंदाज बांधतो. जोडणी होतानाचे बोलणे टिपून घ्यायचे आणि घरी बसून लाखो शब्द लावून पाहायचे, ही त्याची रीत. म्हणून मोबाईल नंबर, मुलाचे नाव, जन्मसाल, गावाचे नाव असे काही नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत ओळीने लिहा आणि मध्ये एखादा आकडा टाका. चाळणी, बोरू, पावसाळी, हंडा असे काहीही चालेल, मात्र मी येथे छापलेले घेऊ नका! लांब पासवर्ड अवघड असावा लागतो असे नाही. तुम्हाला आठवावा आणि दुसऱ्याला सुचू नये, एवढे पुरे.

सहावी पायरी, डब्ल्यूपीएस बंद करा. आठ आकडी पिन घालून चटकन जोडण्याची ही सोय आहे. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता, असे वाटते. पण राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो. त्यामुळे खरे पाहता ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. ही गोष्ट २०११ च्या डिसेंबरात उघड झाली. पुढचे दार भक्कम करून मागची खिडकी उघडी ठेवण्यात अर्थ नाही. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, जिला रिमोट मॅनेजमेंट म्हणतात, तीही बंद ठेवा.

सातवी पायरी, सगळे पुन्हा जोडा. प्रत्येक फोन आणि कॉम्प्युटरमधले जुने नेटवर्क ‘फरगेट’ करून नव्या पासवर्डने जोडा. मग राउटरची यादी पुन्हा उघडून मोजा. घरातली जेवढी, तेवढीच दिसली पाहिजेत. दर पौर्णिमेला एकदा यादी पाहण्याची सवय ठेवली तर उत्तम.

शेवटी कॉम्प्युटरमधले सामाईक फोल्डर पाहा. गरज नसेल तर बंद करा, गरज असेल तर पासवर्ड घाला. विंडोज सातला कंपनीकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज दहाचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. अशा जुन्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार करू नयेत. आक्काच्या जुन्या कॉम्प्युटरवर आता फक्त छपाई होते. शेतीचे कागद भाच्याने दुसऱ्या जागी हलवले.

शेजाऱ्याला नाही कसे म्हणायचे?

हा खरा अवघड प्रश्न. यंत्र बदलणे सोपे, पण माणसे दुखवणे कठीण. पासवर्ड बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी समोरची सून दारात आली. ‘‘आक्का, नेट बंद पडलंय का हो?’’

आक्काने माझ्याकडे पाहिले. मी यासाठी आधीच सोय करून ठेवली होती. बहुतेक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढता येते. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवावा. त्याला जोडलेल्या माणसाला इंटरनेट मिळते, पण घरातला कॉम्प्युटर आणि कागद दिसत नाहीत. ओसरीवर बसलेल्या पाहुण्याला पाणी मिळते, माजघरात मात्र तो जात नाही, तसेच हे.

पण एवढ्यावर मी थांबलो नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून जे काही जाईल, त्यावरही आपल्याच जोडणीचा शिक्का बसतो. म्हणून मी आक्काला म्हटले, ‘‘तांब्याभर पाणी कुणालाही दे. विहिरीवरच्या मोटारीची चावी देतेस का? ज्याला देशील तो ओळखीचा हवा आणि दिलंय ते आपल्या ध्यानात हवं.’’

आक्काने विचार केला. समोरच्या पोराच्या अभ्यासासाठी पाहुण्यांचा पासवर्ड दिला. भाडेकरू मुलांना सांगितले, की तुम्ही तुमची स्वतःची जोडणी घ्या. त्यांतला एक चार दिवस तोंड फिरवून जिन्याने जात होता. पाचव्या दिवशी बोलू लागला. भाडेकरू खोली सोडून गेला की पाहुण्यांचा पासवर्ड बदलायचा, हेही ठरले. आपण खोलीचे कुलूप बदलतोच की.

कुलपाच्या पलीकडे

एक इशारा देऊन थांबतो. वायफाय कितीही भक्कम केले तरी फोनवरून गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढे त्याचा उपयोग नाही. पीएम-किसानचा हप्ता अडकला आहे, विम्याची रक्कम मंजूर झाली आहे असे सांगून लिंक पाठवणारे वायफाय फोडत बसत नाहीत, ते आपल्या घाईचा फायदा घेतात. अशी फसवणूक झालीच तर लाजू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितका पैसा वाटेत अडवता येण्याचा संभव अधिक.

गावोगावी आता फायबर पोचत आहे. ई-पीक पाहणी, डिजिटल सातबारा, महाडीबीटीचे अर्ज अशी कामे घरातून होऊ लागली आहेत. पूर्वी हे कागद तलाठ्याच्या दप्तरात आणि आपल्या ट्रंकेत असत. आता ते घरातल्या यंत्रातही असतात. ट्रंकेला कुलूप लावणाऱ्या घराने यंत्राच्या कुलपाकडेही पाहिले पाहिजे.

तेव्हा येत्या रविवारी, जनावरांचे आटोपले की, घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. राउटरचे पान उघडा आणि फक्त दोन गोष्टी पाहा: सुरक्षेच्या रकान्यात काय लिहिले आहे आणि यादीत किती उपकरणे आहेत. घरातली पाच आणि यादीत अकरा निघाली, तर पुढे काय करायचे ते वर सांगितलेच आहे. पाचाची पाचच निघाली, तर मुलाच्या पाठीवर थाप मारा आणि चहा घ्या.

आक्काच्या घरची यादी मी निघताना पुन्हा मोजली. घरातली जेवढी, तेवढीच होती. तो जुना राउटर भाच्याने खिळ्यावरून काढला. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन तेवढा राहिला आहे.